एसटीपी आहेत, तरी मुठा काळी का?

प्रश्न असा आहे: "पुण्यात मुठेच्या काठी राहतो. महापालिकेचे मैलाशुद्धीकरण प्रकल्प (एसटीपी) बरीच वर्षं चालू आहेत, आता आणखी अकरा होणार म्हणतात. तरी नदीला वास येतो, हिवाळ्यात फेस दिसतो, उन्हाळ्यात जलपर्णी. नवे प्रकल्प चालू झाले की नदी स्वच्छ होईल का? आमच्या चारशे फ्लॅटच्या सोसायटीचा स्वतःचा एसटीपी आहे, त्याने नदीला काही फरक पडतो का?"

थोडक्यात सांगायचं तर नदी सुधारेल, पण स्वच्छ म्हणावी इतकी नाही. निदान नुसत्या नव्या प्रकल्पांच्या जोरावर तरी नाही. माझी सगळी नोकरी हे प्रकल्प चालवण्यात गेली, त्यामुळे त्यांच्याविषयी वाकडं बोलायचा माझा हेतू नाही. पण नदीचं दुखणं बहुतेक वेळा प्रकल्पाच्या कुंपणाच्या आत नसतंच. जे पाणी प्रकल्पापर्यंत पोचत नाही, त्यात ते असतं.

आधी आकडे पाहू. जुन्या प्रकल्पांची क्षमता मिळून 477 एमएलडी (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर), म्हणजे रोज 47 कोटी 70 लाख लिटर. त्यात भैरोबा नाला 130, नायडू 115, एरंडवणे 50, मुंढवा 45, खराडी 40, विठ्ठलवाडी 32, बाणेर 30, आणि बोपोडी, तानाजीवाडी हे दोन लहान. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून होणाऱ्या अकरा प्रकल्पांची क्षमता 396. बेरीज 873. ही योजना मुळात 990 कोटींची, कर्जाचा करार 2016 च्या जानेवारीतला. कामं प्रत्यक्ष जमिनीवर दिसायला त्यानंतर कैक वर्षं गेली. मधल्या काळात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी इमारती आधी उभ्या राहिल्या आणि ड्रेनेज लाइनचा पत्ताच नव्हता. आराखडा मात्र त्या गावांच्या आधीचा.

मग 873 पुरतील का? इथे एक गंमत आहे. शहराचं एकूण मैलापाणी किती, हा आकडा सहसा मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो. तुम्हीही काढून बघा. पुण्याचा पाण्याचा वापर वर्षाला वीस टीएमसीच्या घरात आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. वीस टीएमसीला 365 ने भागलं की रोजचे साधारण 155 कोटी लिटर येतात. पुरवलेल्या पाण्यापैकी 80 टक्के मैलापाणी होऊन परत येतं असं धरायची पद्धत आहे, म्हणजे 1,240 एमएलडी. पण पुरवठ्याचा एक तृतीयांश भाग वाटेतच गळून जातो असं धरलं, तर हाच आकडा 830 वर येतो. पहिला हिशेब खरा असेल तर नवे प्रकल्प धरूनही क्षमता अपुरी, दुसरा खरा असेल तर पुरेशी. शिवाय टँकरचं आणि बोअरचं पाणी यात कुठेच धरलेलं नाही. वापरून झालं की तेही ड्रेनेजमध्येच येतं. म्हणून कोणी "शंभर टक्के मैलापाण्यावर प्रक्रिया" असं म्हणालं, की मी आधी विचारतो, शंभर म्हणजे कितीचे शंभर? उन्हाळ्यात, पाऊस नसताना, नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी चोवीस तास प्रवाह मोजला तर खरा आकडा हाती येतो. अवघड काम नाही, कंटाळवाणं आहे.

आणि क्षमता असली म्हणजे ती वापरली जाते असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2021 चा देशभराचा आढावा बघा. शहरांत रोज 72,368 एमएलडी मैलापाणी तयार होतं, बांधलेली क्षमता 31,841, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते 20,235 वर. म्हणजे मुळात क्षमता निम्म्याहून कमी, आणि जी आहे तिचाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रिकामा. बाहेर नाल्यातून काळं पाणी वाहतंय आणि आत प्रकल्प अर्धपोटी चालतोय, हे दृश्य आमच्या धंद्यात नवीन नाही.

असं का होतं, ते पंपिंग स्टेशनवर उभं राहिलं की कळतं. आपल्याकडे मुख्य ड्रेनेज लाइन्स उताराच्या सोयीने नदीच्या आणि ओढ्यांच्या काठाने, काही ठिकाणी थेट पात्रातून टाकलेल्या आहेत. शेवटी सगळं पाणी खोल विहिरीत येतं, तिला वेट वेल म्हणतात, आणि तिथून पंपाने उचलून प्रकल्पाकडे पाठवतात. सकाळी सात ते दहा या वेळात आंघोळी, धुणी, भांडी एकदम येतात. प्रवाह सरासरीच्या दुप्पट-अडीचपट होतो. नेमकी तेव्हा वीज गेली तर विहीर पंधरा-वीस मिनिटांत काठोकाठ भरते. जनरेटर असतो, पण तो सगळे पंप ओढेल एवढा असतोच असं नाही, आणि डिझेल संपलेलं असू शकतं. ऑपरेटरपुढे दोन वाटा उरतात: गेट उघडून पाणी नाल्यात सोडायचं, नाहीतर मागच्या वस्तीतल्या चेंबरमधून ते रस्त्यावर आणि लोकांच्या मोरीत येऊ द्यायचं. तो गेट उघडतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही उघडलं असतं. लॉगबुकात नोंद पडते, "लाइट नाही, 7.40 ते 9.15". किती पाणी नदीत गेलं, याचा रकानाच त्या वहीत नसतो.

वीज असली तरी पंप बंद पडायला चिंध्या पुरतात. पंपाआधीच्या जाळीवर, म्हणजे स्क्रीनवर, काय अडकतं ते एकदा पाहा: डायपर, सॅनिटरी पॅड, केसांचे पुंजके, गुटख्याच्या पुड्या, सणासुदीला निर्माल्य, आणि शेकड्यांनी दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. वेट वाइप्स तर पाण्यात विरघळतच नाहीत, दोरासारखे पीळ होऊन पंपाच्या फिरत्या पात्यांना, इंपेलरला, गुंडाळतात. पंप उघडायचा, साफ करायचा, परत बसवायचा, यात अख्खी शिफ्ट जाते. तोवर गेट उघडंच.

आता "थोडं पाणी सुटलं तर काय बिघडतं" या प्रश्नाकडे येतो, कारण सगळी गोम इथे आहे. बीओडी हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील याचं ते माप. आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी लिटरला सुमारे 200 मिलिग्रॅम. 2017 च्या केंद्राच्या अधिसूचनेत प्रक्रियेनंतर महानगरांना 20 आणि इतरांना 30 अशी मर्यादा होती. राष्ट्रीय हरित लवादाने 30 एप्रिल 2019 च्या आदेशात ती 10 वर आणली. तेव्हापासून सगळी चर्चा 20 की 10 याभोवती फिरते. टेंडरंही त्यावरच निघतात.

पण हा हिशेब करा. प्रकल्प उत्तम आहे, 10 ने पाणी सोडतो, पण शहराचं दहा टक्के मैलापाणी तसंच नदीत जातं. नव्वद भाग 10 चे आणि दहा भाग 200 चे मिसळले की सरासरी येते 29. आता दुसरं शहर घ्या. त्यांचा प्रकल्प जुना, 20 वर अडकलेला, पण नाले नीट अडवलेत आणि दोनच टक्के पाणी निसटतं. त्यांची सरासरी 23.6. नदीच्या दृष्टीने जुन्या प्रकल्पाचं शहर बरं! 20 चे 10 करायला जो खर्च येतो, त्याच्या एका हिश्श्यात चेंबर दुरुस्त होतात, नाल्यांवर अडवणूक होते, पंपिंग स्टेशनला दुसरा वीज फीडर मिळतो. त्याचं उद्घाटन करता येत नाही, ही त्या कामातली अडचण.

रोगजंतूंचा हिशेब याहून कठोर आहे. कच्च्या मैलापाण्यात 100 मिलिलिटरला विष्ठेतले कोटीभर कोलिफॉर्म जिवाणू सहज असतात. आंघोळीच्या पाण्याची कमाल मर्यादा 2,500. फक्त एक टक्का कच्चं पाणी निसटलं आणि बाकीचं अगदी निर्जंतुक केलं, तरी आकडा लाखावर. मर्यादेच्या चाळीसपट. आळंदी, नाशिक, पंढरपूर अशा जिथे लोक श्रद्धेने पाण्यात उतरतात, तिथे नुसती प्रकल्पाची क्षमता वाढवून काही साधत नाही, ते याच कारणाने.

लंडनलाही हे चुकलं नाही. ज्या देशात 1914 साली ॲक्टिव्हेटेड स्लज (हवा देऊन गाळातल्या जिवाणूंना घाण खायला लावायची) ही पद्धत निघाली, आणि आजही जगभरचे प्रकल्प तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात, त्या देशाच्या राजधानीत पाऊस आला की मैलापाणी थेम्समध्ये ओसंडायचं. ते अडवायला त्यांनी नदीखालून 25 किलोमीटरचा बोगदा खणला. तो 2025 मध्ये पूर्ण जोडला गेला. प्रकल्प होतेच, पाणी तिथवर पोचवणं बाकी होतं.

पुण्याची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्यावर एसटीपी हा इलाज नाहीच. पावसाळा संपला की खडकवासल्याचं पाणी कालव्याने आणि जलवाहिन्यांनी जातं, मुठेच्या पात्रातून नाही. पुण्यातच मुठेला मिळणाऱ्या मुळेचं तर बरंचसं पाणी मुळशी धरणातून घाट उतरून टाटांच्या भिरा वीजकेंद्राकडे कोकणात जातं. म्हणजे नोव्हेंबर ते मे शहरातल्या पात्रात जे वाहतं ते मुख्यतः आपणच सोडलेलं पाणी. त्यात मिसळायला नदीच नाही. आंघोळीयोग्य पाण्याचा बीओडी 3 पर्यंत हवा. प्रकल्पातून 100 एमएलडी पाणी 10 बीओडीने आलं, तर ते 3 वर आणायला 1 बीओडीचं 350 एमएलडी स्वच्छ पाणी वरून यायला हवं. साडेतीनपट. ते कुठून आणणार? मुंढव्याला प्रक्रिया केलेलं पाणी उचलून शेतीच्या कालव्यात सोडायची योजना आहे. कल्पना चांगली, पण पाण्याचा दर्जा ढळला की शेतकरी तक्रार करणारच. पात्रात थोडा का होईना, बारमाही प्रवाह सोडल्याशिवाय सगळे प्रकल्प उत्तम चाललेली मुठाही "प्रक्रिया केलेल्या पाण्याचा कालवा" एवढीच राहील. हे लोकांना आवडत नाही, पण खरं आहे. आणि अशा पात्रात बंधारे घालून पाणी तुंबवायचं, काठ दगडाने बांधायचा, हे मैलापाणी पुरतं अडवण्याआधी केलं तर जलपर्णीला हौद बांधून दिल्यासारखं होईल.

जलपर्णी आणि फेसाविषयी विचारलंय. जलपर्णीला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. जुने प्रकल्प बीओडी काढायला बांधलेले. ही दोन्ही खतं त्यातून बरीचशी तशीच पुढे जातात. म्हणून जलपर्णी काढायची टेंडरं दरवर्षी निघतात आणि दरवर्षी ती परत येते. खाली उजनीच्या जलाशयातही हेच खत साचतं, आणि उजनीतून सोलापूर पाणी पितं. पुण्याचा मैला हा पुण्यापुरता प्रश्न नाही. नव्या प्रकल्पांचा खरा फायदा मला इथे दिसतो, कारण आताच्या एसबीआरसारख्या पद्धतीत एकाच टाकीत हवा आळीपाळीने चालू-बंद करून नायट्रोजनही काढता येतो. नीट चालवलं तर.

फेस प्रामुख्याने साबण-डिटर्जंटचा. प्रक्रिया न झालेलं पाणी बंधाऱ्यावरून पडलं की घुसळतं आणि फेस चढतो. इंद्रायणीवर आळंदीला दिसतो तो प्रकार. हिवाळ्यात प्रवाह कमी, थंडीने जिवाणू मंद, म्हणून तेव्हा जास्त. मासे मरतात ते मात्र बहुधा जूनमध्ये, पहिल्या जोरदार पावसाला. लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. कधी कधी कारखान्याचं पाणी असतंही, पण बऱ्याचदा आठ महिने नाल्यांत आणि पात्रात बसलेला काळा गाळ एका सरीत ढवळला जातो आणि पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपवतो.

प्रकल्प खरंच चालतो का, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? तपासणीच्या अहवालावर जाऊ नका. नमुना दिवसा अकराला घेतात, तेव्हा सगळं झकास चाललेलं असतं. मी दोन गोष्टी बघतो, विजेचं बिल आणि डंपर. हवा सोडणारे ब्लोअर प्रकल्पाची निम्म्याहून अधिक वीज खातात. 100 एमएलडीचा प्रकल्प प्रामाणिकपणे चालत असेल तर दिवसाला साधारण वीस हजार युनिट किंवा जास्त लागतात. बिल त्याच्या निम्मं असेल तर रात्री ब्लोअर बंद असतात, किंवा कागदावर दाखवलेलं पाणी आलेलंच नाही. आणि गाळ खोटं बोलत नाही. एवढ्या पाण्यातून रोज पंधरा टनांच्या आसपास सुका गाळ निघतो. गाळ पिळणाऱ्या यंत्रातून, सेंट्रिफ्यूजमधून, तो ओला निघतो, त्यात घनभाग वीसच टक्के, म्हणून वजन भरतं 75 टन. म्हणजे रोज सात-आठ डंपर. आठवड्यात एकच डंपर बाहेर पडत असेल तर उरलेला गाळ गेला कुठे? पावसाळ्याच्या रात्री नदीतच. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा असेल तर "प्रकल्पाची क्षमता किती" हे विचारू नका, ते छापलेलंच असतं. महिनावार वीज युनिट, गाळाच्या वजनकाट्याच्या पावत्या, इनलेटच्या फ्लोमीटरची तासावार नोंद आणि पंपिंग स्टेशनचं बंद असण्याचं लॉगबुक मागा.

आता तुमची सोसायटी. चारशे फ्लॅट म्हणजे दीड-दोन हजार माणसं, रोजचं दोनेक लाख लिटर मैलापाणी. नदीच्या मानाने थोडं, पण पुण्यात अशा सोसायट्या ढिगाने आहेत आणि त्यातले किती एसटीपी वीजबिल वाचवायला बंद असतात ते तुम्हीच शेजारी विचारून बघा. पहिल्यांदा बायपास व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा. पाणी प्रक्रियेविना बाहेर सोडायचा हा व्हॉल्व्ह बहुतेक एसटीपींना असतो. त्याच्या हँडलवर गंज आहे की हाताने गुळगुळीत झालंय, यावरून पुष्कळ कळतं.

मग एक लिटरचा काचेचा मोजसिलिंडर आणा. हवा चालू असताना टाकीतलं पाणी त्यात भरा आणि अर्धा तास हलवू नका. चांगला गाळ चॉकलेटी असतो, पाच-दहा मिनिटांत गोळे धरून खाली बसायला लागतो, वर पाणी नितळ दिसतं, आणि वास ओल्या मातीचा. अर्ध्या तासाने गाळ 250 ते 400 मिलिलिटरच्या खुणेदरम्यान असेल तर ठीक. शंभरच्या खाली असेल तर टाकीत जिवाणूच नाहीत, दह्याला लागतं तसं विरजण नव्याने आणावं लागेल, म्हणजे दुसऱ्या चालू प्रकल्पातून टँकरने गाळ. काळा आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर हवा कमी पडतेय. गाळ फुगून आठशेवर राहत असेल तर तंतूसारखे जिवाणू माजलेत. त्यामागे बहुधा हवा कमी किंवा स्वयंपाकघरातलं तेल जास्त. टाकीत प्लॅस्टिकच्या जाळीदार चकत्या फिरत असतील तर तुमचा एमबीबीआर आहे, तिथे सिलिंडर फारसा कामाचा नाही. चकती हातात घेऊन आतल्या बाजूला पातळ तपकिरी थर आहे का ते बघा. चकत्या पांढऱ्याशुभ्र असतील तर तुमचा एसटीपी फक्त आवाज करतोय.

रात्री दहा ते सहा ब्लोअर बंद ठेवून बिल वाचवायचा ठराव कमिटीत आला तर विरोध करा. टायमरवर थोडा थोडा वेळ बंद ठेवता येतो, सलग आठ तास नाही. बाथरूमला ॲसिड आणि ब्लीच कमी वापरायला सांगा, ते थेट त्या जिवाणूंवरच जातं. प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरत असाल तर क्लोरीनचा डोस रोज तपासून घ्या. साधं किट मिळतं.

आणि कलेक्शन टाकीत माणूस उतरवू नका. पंप अडकला, गाळ साचला, काहीही झालं तरी. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो, तो जास्त झाला की वासही येईनासा होतो आणि दोन श्वासांत माणूस खाली कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय अशी सफाई करून घेणं गुन्हा आहे, आणि त्याची जबाबदारी नुसत्या ठेकेदारावर नाही, काम सांगणाऱ्यावरही येते. सक्शन मशीनचा नंबर एसटीपीच्या दारावर लिहून ठेवा, आणि अडकलेला पंप वर ओढून घेता येईल अशी गाइड रेल आणि चेन पुली नसेल तर ती पुढच्या मेंटेनन्सच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीत घाला.